खुर्चीवरचं बोलणं

ताईच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. रस्त्याकडची धाकटीची, आतल्या दाराकडची ताईची. दोघी सख्ख्या बहिणी, पण एका आईच्या लेकी आहेत हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. धाकटीच्या खुर्चीवर बसलेल्या बाईचे केस कापून होईपर्यंत तिला अर्ध्या गल्लीची खबर मिळालेली असायची. ताईकडे उलटा कारभार. तिथे गिऱ्हाईक बोलायचं आणि ताई कात्रीच्या तालावर "हं" म्हणायची. बायका म्हणायच्या, हिच्या पोटात विहीर आहे. काहीही टाका, आवाज वर यायचा नाही.

ही विहीर काही उपजत नव्हती. ताई काम शिकली ती एका जुन्या बाईंच्या हाताखाली, आणि त्या बाईंनी कात्रीच्या आधी तिच्या हातात झाडू दिला होता. संध्याकाळी दुकानातले केस झाडून टाकतेस ना, तशी दिवसभर ऐकलेली बोलणीही झाडून टाकायची, असं त्या म्हणायच्या. ताईने ते पक्कं मनावर घेतलं. एकदा एक सासू आणि तिची सून एकाच सकाळी मागेपुढे येऊन गेल्या, दोघींनी एकमेकींचा यथेच्छ उद्धार केला, आणि ताईने दोघींनाही तितकंच मन लावून "हं" म्हटलं. दोघी खूश होऊन गेल्या. पुढेही येत राहिल्या, फक्त वेगवेगळ्या दिवशी, कारण ताईच त्यांना वेळा तशा द्यायला लागली.

धाकटी तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. आई गेली तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. तिच्या वेण्या ताईने घातल्या, तिची आजारपणं ताईने काढली, तिला धंदाही ताईनेच शिकवला. धाकटीचा हात चांगला होता, पण जीभ हाताहून सरस. तिची एक ठरलेली पद्धत होती. एखादी बाई रडवेली होऊन खुर्चीत बसली की धाकटी स्वतःच्या घरातलं एखादं दुःख काढून तिच्यापुढे ठेवायची. अहो, तुमचं काय घेऊन बसलात, आमच्याकडचं ऐका. घरात त्या दिवशी दुःख शिल्लक नसलं तर ती थोडं रचायचीही. समोरच्या बाईला हलकं वाटायचं आणि ती पुढच्या वेळी न चुकता याच खुर्चीवर यायची. ताई कधीमधी डोळे वटारायची, पण अर्धं दुकान या जिभेवर चालतं हे तिलाही ठाऊक होतं.

दुकानाच्या मागेच घर. ताईचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातले थोडे दिवस घरी असायचा, तेही निम्मे झोपेत. बोलण्याच्या बाबतीत तो इतका काटकसरी की "बरं" या एका शब्दावर त्याचा संसार चालला होता. उरली चिंगी. शाळेत तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. ही पोरगी मागच्या खोलीत पडद्याआड अभ्यासाला बसायची आणि गिऱ्हाइकांच्या नकला करायची. बँकेतल्या बाई पंख्याखाली बसून "जरा वारा बेताचा ठेवा" कशा म्हणतात ते तिने म्हणून दाखवलं की धाकटीला हसून हसून कात्री खाली ठेवावी लागायची.

चिंगी नववीत गेली आणि नकला थांबल्या. ताईच्या ते लक्षात आलं होतं, पण वयात येणाऱ्या पोरी गप्प होतातच, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग एका रविवारी तिचे केस धुताना ताईच्या बोटांना कानामागे, जरा वरच्या अंगाला, मोकळी जागा लागली. बाटलीच्या झाकणाएवढी.

ताईने जागच्या जागी ठरवून टाकलं की चाई पडली, केस आपोआप गळून गेले. आता चाईची जागा कशी असते हे ताईला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ती अंड्याच्या कवचासारखी गुळगुळीत असते. इथे तर बोटाला खुंट लागत होते, एक लांब, एक आखूड, तुटल्यासारखे. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर हे दिसलं असतं तर ताई मनात समजून गेली असती. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काही उगाच नाही. तिने शाम्पू बदलला, मलम आणलं, सकाळ-संध्याकाळ चोळलं. आणि तिच्या हाताला जे सगळ्यात चांगलं येत होतं तेही केलं. भांग दुसऱ्या बाजूला नेला, वरचे केस थराथराने कापले, दोन चिमटे असे बसवले की वारा सुटला तरी ती जागा उघडी पडू नये. टक्कल वाढत गेलं तशी ताईची कारागिरीही वाढत गेली. शाळेत कुणाला कळलं नाही, बापाला कळलं नाही, धाकटीला दिवसभर शेजारी उभी असून कळलं नाही. दुसऱ्या एखाद्या घरात ही गोष्ट केव्हाच उघडी पडली असती आणि पोरीला कुणीतरी वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं. इथे आईच इतकी हुशार, की अर्धं वर्ष वाया गेलं.

एका दुपारी ताई एका बाईंच्या केसांना रंग लावत होती. आतल्या खोलीचा पडदा अर्धवट सरकला होता, आणि समोरच्या आरशात बाईंच्या खांद्यावरून चिंगी दिसत होती. पुस्तक उघडं, नजर पुस्तकात. हात मात्र आपला आपण डोक्याकडे चालला होता. बोटांनी चाचपून एक केस निवडला, त्याला पीळ दिला आणि उपटला. चिंगीने तो डोळ्यांसमोर धरला, ओठांवरून फिरवला, खाली सोडला. हात पुन्हा वर. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नाही, उलट जरा निवांतपणाच. ताई ब्रश हातात धरून तशीच उभी राहिली. रंग कपाळावर ओघळतोय का हो, असं बाईंनी विचारलं. ताई नाही म्हणाली आणि तिने ओघळ पुसून घेतला.

गिऱ्हाईक दाराबाहेर पडायचा अवकाश, ती आत गेली आणि तिने पोरीच्या हातावर फाडकन मारलं. तुझी आई लोकांचे केस राखून पोट भरते आणि तू स्वतःचे उपटतेस, असं तोंडाला येईल ते बोलली. चिंगी रडली नाही की उलटून बोलली नाही. हात कधी जातो ते मला कळतच नाही, एवढंच तिने हळू आवाजात सांगितलं. ताईचा विश्वास बसेना. हात काय शेजाऱ्याचा आहे? तिने पोरीची नखं मुळापर्यंत कापली, अभ्यासाला बसताना तिला हातमोजे घालायला लावले, येता-जाता पडदा सरकवून पाहणं सुरू केलं. थोड्याच दिवसांत चिंगीची एक भुवई अर्धी झाली.

भुवईला काही भांग पाडता येत नाही. ताईची कला तिथे संपली आणि ती पोरीला घेऊन कातडीच्या डॉक्टरकडे गेली. त्याने भिंगातून नीट पाहिलं, चिंगीला बाहेर बसायला सांगितलं आणि ताईला म्हणाला की हे कातडीचं दुखणं नाही, मलम बंद करा. मोठ्या इस्पितळात मुलांच्या मनाचा विभाग आहे, तिथे दाखवा. जिना उतरताना ताईने चिंगीला ते सांगितलं. चिंगी मधल्या पायरीवरच थांबली.

"तिथे वेडी मुलं जातात."

"तू वेडी नाहीस."

"मग कुणाला सांगायचं नाही. बाबांना चालेल. बाकी कुणालाच नाही, मावशीला पण नाही. सांगितलंस ना, तर मी परत तिथे पाऊल टाकणार नाही."

"नाही सांगणार," ताई म्हणाली. तिला त्यात अवघड काहीच वाटलं नाही. जिच्या पोटात अर्ध्या गावाची गुपितं मावली होती तिला आपल्या लेकीचं एक थोडंच जड जाणार होतं!

मनाची डॉक्टर म्हणजे चष्मा लावलेली एक तरुण बाई निघाली. ती आधी बराच वेळ चिंगीशी बोलली, मग ताईशी. तिने सांगितलं की हा आजार आहे, त्याला नाव आहे, आणि तो पुष्कळ मुलांना होतो. यात पोरीचा हट्ट नाही, वेड नाही, आईचा दोषही नाही. मन ताणलं गेलं की हात आपलं काम शोधतो, आणि मनाला कळेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं. ओरडलं की ताण वाढतो, ताण वाढला की केस जातात. चिंगी आता हळूहळू हाताला वाटेतच पकडायला शिकेल, मूठ आवळून ती ओढ ओसरेपर्यंत थांबायला शिकेल. मनावर कशाचं ओझं आहे तेही सांगेल, तिच्या सवडीने. आईने फक्त एक करायचं, तिच्याशी बोलताना तिच्या डोक्याकडे बघायचं नाही. ताई मान हलवून बाहेर आली खरी, पण याहून अवघड काम तिला कुणी सांगू शकलं नसतं. माणूस समोर आलं की तिची नजर आधी केसांवर जायची, मग तोंडावर. उभा जन्म तसाच गेला होता.

तरी तिने ते केलं. दर मंगळवारी दुपारी दोघी इस्पितळात जायला लागल्या. चिंगी अभ्यासाला बसली की डाव्या हातात एक रबरी चेंडू घेऊन बसायची. कधी आठवडा चांगला जायचा, कधी दोन दिवसांत सगळं मुसळ केरात. पण भुवई भरून आली. कानामागे मऊ लव आली, तान्ह्या बाळाच्या टाळूवर असते तशी. आणि एक दिवस पडद्याआडून डॉक्टरीणबाईंचा हुबेहूब आवाज आला, "आणि मग तुला काय वाटलं?" ताईने कात्री खाली ठेवली आणि तोंडाला पदर नाही म्हणून टॉवेल लावून हसली. हसता हसता तिला रडूही आलं, ते तिने त्याच टॉवेलात उरकलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण दर मंगळवारी दुकान धाकटीवर टाकून जायचं म्हणजे तिला काहीतरी सांगायला हवं. ताईने सांगितलं, चिंगीच्या दातांना तार बसवायची आहे. धाकटी काही दुधखुळी नव्हती. काही आठवड्यांनी तिने विचारलं, दातांना तार, मग तोंडात कुठे दिसत नाही ती? ताईने विषय बदलला. धाकटीने अबोला धरला. डबा वेगळा खायला लागली, गिऱ्हाइकांसमोर "तुमच्या ताईंना विचारा" असं म्हणायला लागली. एकदा तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की आई गेल्यावर मला तू होतीस, आता तुलाही मी परकी झाले.

आणि खरं सांगायचं तर ताईलाही ते ओझं एकटीने वाहवत नव्हतं. नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, तो "बरं" म्हणाला होता. माणसाला कधीतरी "बरं"पेक्षा थोडं जास्त ऐकावंसं वाटतं. एका रिकाम्या दुपारी, टॉवेल पिळता पिळता, ताईने धाकटीला सगळं सांगून टाकलं. धाकटी तिच्यापेक्षा जास्त रडली. चिंगीला मीही अंगाखांद्यावर वाढवलंय, माझ्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही, असं म्हणाली. ते म्हणताना ती अगदी मनापासून म्हणत होती, यात शंका नाही. ताईला किती दिवसांनी मोकळं वाटलं. घरातल्या घरातच तर सांगितलं, असं तिने स्वतःला समजावलं. मोठमोठी घरं या "घरातल्या घरात"ने बुडाली आहेत, पण सांगणाऱ्याला ते नंतर कळतं.

पुढे थोड्याच दिवसांत चिंगी शाळेतून आली ती नेहमीसारखी आत गेली नाही. दुकानात ताई एकटीच होती, धाकटी सामान आणायला गेली होती. चिंगीने दप्तर खाली ठेवलं आणि धाकटीच्या खुर्चीत बसून, आरशात बघत, सगळं सांगितलं. मधल्या सुट्टीत बँकेतल्या बाईंची मुलगी तिच्याजवळ येऊन बसली. एरवी ती हिच्याशी बोलायचीही नाही. तिने आपल्या डब्यातलं दिलं, पाठीवर हात ठेवला आणि फार मायेने विचारलं, "उपटताना दुखतं का गं?" मग म्हणाली की आईने सांगितलंय, तुझ्याशी सांभाळून वागायचं, मी सगळ्यांना सांगितलंय, कुणी तुला हसणार नाही. आणि खरंच कुणी हसलं नव्हतं. सगळा वर्ग शहाण्यासारखा वागला होता. सुट्टीनंतरच्या तासाला चिंगीचा हात कपाळावरची बट मागे सारायला वर गेला, तेव्हा तिच्या बाकावरच्या दोघींनी मायेने तिचा हात धरून खाली घेतला. चिडवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

"आई, मावशीला तू सांगितलंस?"

ताईच्या मनात खोटं बोलायचं येऊन गेलं. पण पोरगी आरशातून सरळ तिच्या डोळ्यांत बघत होती.

"हो."

चिंगी उठली. दप्तर उचललं. पडद्यापाशी जाऊन ती म्हणाली, "तुझ्याकडे एवढ्या बायका का येतात माहितीये तुला? तू कुणाचं सांगत नाहीस म्हणून. माझं तेवढं सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ताईने धाकटीला धरलं. तिला वाटलं होतं धाकटी कानावर हात ठेवेल. पण धाकटीने काही नाकारलं नाही. बँकेतल्या बाई आपल्या मुलीच्या परीक्षेवरून रडत होत्या, म्हणून त्यांना धीर द्यायला सांगितलं. आणि आणखी कुणाला? हळूहळू एकेक नाव निघत गेलं. जिच्या घरी पोर आहे आणि पोराची काळजी आहे, अशा जवळजवळ प्रत्येकीला. चिंगीचं दुखणं हे धाकटीच्या खुर्चीवरचं सगळ्यात चालणारं दुःख झालं होतं. तिने त्यात थोडी भरही घातली होती, आता पोरगी कशी ठणठणीत बरी झाली आहे वगैरे. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसून जायच्या. यात वाईट काय झालं, तेच धाकटीला उमगत नव्हतं. लोक वाईट वागले का चिंगीशी? प्रेमानेच वागले ना?

ताईने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं ते त्या सकाळी उच्चारलं. तुला मी वाढवली, म्हणाली, पोटच्या पोरीआधी तुला जेवू घातलं, आणि तू माझ्या पोरीचं दुखणं गिऱ्हाइकांना वाटत बसलीस. धाकटीने हातातला टॉवेल घडी करून ठेवला.

"मला एकटीला का बोलतेस? कुणाला सांगू नको, हे पोरीने मला नव्हतं सांगितलं. तुला सांगितलं होतं. मी कुणाच्या तोंडून ऐकलं ताई?"

विश्वासातल्या माणसाने केसाने गळा कापला, असं ती पुढे कितीतरी दिवस मनात म्हणत राहिली. मात्र कुणी कुणाचा कापला, या प्रश्नाशी ती येऊन थांबायची आणि मग उगाचच एखादा आरसा पुसायला घ्यायची.

धाकटी त्याच आठवड्यात गेली. चौकात काचेच्या दाराचं मोठं पार्लर होतं, तिथे तिला लगेच काम मिळालं. तिच्यामागे अर्धी गिऱ्हाइकं गेली, त्यांत बँकेतल्या बाई पहिल्या. रिकाम्या खुर्चीवर ताई धुतलेले टॉवेल ठेवायला लागली.

चिंगीने इस्पितळ बंद केलं. म्हटल्याप्रमाणेच केलं. तिने आदळआपट केली नाही, मंगळवारी दुपारी ती फक्त जागची उठली नाही. ताईने हात जोडले, रागावून पाहिलं, सायकलचं आमिष दाखवून पाहिलं. चेंडू टेबलाखाली धूळ खात पडला. भुवई पुन्हा विरळ झाली आणि या वेळी पापण्याही. ताई एकटीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं कबूल करून आली. बाई तिला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं. दार उघडं आहे एवढं तिला सांगा, आणि सोबत कुणी यायचं ते तिला ठरवू द्या, असं त्या म्हणाल्या.

नवरा फेरीवरून आला. ताईने त्याच्यासमोर सगळं ओतलं, धाकटीचं, शाळेचं, स्वतःचंही. तो "बरं" म्हणाला आणि दाराबाहेर जाऊन पायरीवर बसला. थोड्या वेळाने चिंगी त्याच्याशेजारी जाऊन बसली. दोघं काय बोलली ते ताईला ऐकू आलं नाही. बाप फार काही बोलला असेल असंही नाही, तो बोलून बोलून काय बोलणार. पण त्या मंगळवारी बापलेक दोघं इस्पितळात गेली, आणि त्यानंतर तो आपल्या फेऱ्या अशा लावून घ्यायला लागला की मंगळवार घरी यावा. कधी थेट ट्रक लावूनच यायचा, तोंडसुद्धा न धुता.

चिंगी आईशी वाईट वागत नव्हती. तेच ताईला सोसवत नव्हतं. जेवायला काय आहे, उद्या शाळेला सुट्टी आहे, तुझा फोन वाजतोय, असं सगळं ती नीट बोलायची. ताई लोकांच्या सुनांशी बोलते तितक्या अदबीने. केस मात्र ती आता स्वतः धुवायची, मोरीचं दार लावून. बाहेर यायची ती डोक्याला पंचा गुंडाळूनच. तिच्या जन्मापासून तिच्या केसांना दुसऱ्या कुणाची कात्री लागली नव्हती. आता ती त्यांच्याजवळ ताईच्या नजरेलाही फिरकू देत नव्हती. दिवसभर परक्या बायकांनी आपली डोकी ताईच्या हातात विश्वासाने सोडून द्यायची आणि आतल्या खोलीत आपली पोर टोपी घालून बसायची, हे दुःख कुणाला सांगावं? सांगायची सोयच तिने ठेवली नव्हती.

काही महिने असेच गेले. मग एका मंगळवारी, बापलेक बाहेर गेलेली असताना, एक अनोळखी बाई दारात आली. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, कानापर्यंत ओढलेली टोपी. बाई आत यायलाच तयार नव्हती. शेवटी म्हणाली की चौकातल्या पार्लरमध्ये एक मावशी आहेत, त्यांनी पाठवलंय. त्यांनी सांगितलं की इथल्या ताईंच्या मुलीला हेच होतं, त्यांना जाऊन विचारा.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे अजून चालूच होतं. आता तर पत्त्यासकट चालू होतं. तिला वाटलं, सांगावं, इथे अशी कुणी मुलगी नाही, चला निघा. पण तेवढ्यात त्या लहानगीने आपणहून टोपी काढली आणि कुठे बसू म्हणून विचारलं. माथ्यावर मधोमध जागा मोकळी, कडेने आखूड खुंट. ताईने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तोंडाकडेच बघत राहिली. तिला धाकटीच्या खुर्चीवर बसवलं, टॉवेल बाजूला केले. आईला सांगितलं की मलम लावू नका, झाकू नका, मारू नका, हा आजार आहे आणि याचे डॉक्टर आहेत. कुठल्या इस्पितळात, कुठल्या मजल्यावर, तेही सांगितलं. बाई भिंतीला टेकून रडायला लागली. वर्षभर घरचे तिलाच बोल लावत होते. हा आजार असतो, हे तिला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

धाकटी गप्प बसली असती तर ही बाई इथवर पोचलीच नसती. याला धाकटीचं पुण्य म्हणायचं की पाप, ते ताईला कळेना, आणि कळेना म्हणून ती आणखीच चिडली.

जाताना बाईने डोळे पुसून विचारलं, "तुमच्या मुलीचे आले का हो केस परत?"

ताईला माहीतच नव्हतं. "आले ना, चांगले दाट आले," ती म्हणाली. धाकटीनेही याहून सफाईने रचलं नसतं. बाई लहानगीचा हात धरून हलक्या पावलांनी गेली.

बापलेक परतली तेव्हा ताई दुकानाच्या दारातच उभी होती. चिंगीने आईकडे बघून मान हलवली आणि ती आत गेली. तिच्या डोक्याला रुमाल होता, नीट घट्ट बांधलेला. तिची पावलं मागच्या खोलीत पोचेपर्यंत ताई थांबली. मग बुटांच्या नाड्या सोडायला बसलेल्या नवऱ्याजवळ जाऊन तिने हळू आवाजात विचारलं की कानामागची जागा भरली का, तुम्हाला तरी दिसली असेल.

"मला नको विचारूस," तो म्हणाला. "कुणाला सांगायचं नाही म्हणालीये ती."

"मी कुणी आहे का?"

नवऱ्याचा हात नाडीवर थांबला. एवढं लांब उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती.

"मी पण हेच विचारलं तिला. म्हटलं, आईला तर चालेल ना. ती म्हणाली, आईला तर नाहीच."

तो मान खाली घालून दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागला. वाईट त्यालाही वाटत होतं, ते ताईला दिसलं. पण त्याने पोरीला शब्द दिला होता आणि तो मोडणार नव्हता.